आरसा फुटतो, केस मोकळे सुटतात: सिनेमातल्या वयात येणाऱ्या मुली आणि त्यांचं मन

जुईली

दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हापासून माझी मुलगी रोज सकाळी "आई, पोट दुखतंय" म्हणायची. जून ते ऑक्टोबर. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, जंताचं औषध झालं, सासूबाईंचा ओवा-हिंग झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शाळेत जात होती, क्लासला जात होती, चाचणीत मार्कही बरे पडत होते. घरी आली की झोपायची आणि उठवलं की अंगावर यायची. वय आहे, होतं असं, म्हणून आम्ही सोडून देत होतो. शेवटी तिला लहानपणापासून बघणाऱ्या डॉक्टरांनी पोटाचं सोडून झोपेचं विचारलं. किती वाजता झोपतेस, मध्ये किती वेळा जाग येते, पहाटे जाग आली की मनात काय येतं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "रोज वाटतं, आज काहीतरी चुकणार." तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. चिंतेचा विकार आणि सोबत नैराश्य. आता औषध आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे, ती सावरतेय. हे सगळं तिला विचारून लिहितेय. नाव, गाव, शाळा लिहायची नाही एवढीच तिची अट आहे.

चर्चेचा हा धागा काढायचं कारण मात्र सिनेमा. पाच महिने माझ्या डोळ्यांसमोर हे चालू होतं, मग मला दिसलं कसं नाही? मुलीकडे दुर्लक्ष करणारी आई मी नाही. पण मन आजारी असलेली मुलगी कशी दिसते याचं एक चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि ते अख्खं सिनेमातून आलेलं होतं. केस मोकळे, काजळ गालावर ओघळलेलं, आरसा फुटलेला, खोलीला आतून कडी. नाहीतर मग खिडकीशी बसून पावसाकडे बघणारी, फिकट, देखणी मुलगी. माझी मुलगी यातलं काहीच करत नव्हती. ती दोन वेण्या घालून, डबा घेऊन शाळेत जात होती.

गेल्या काही महिन्यांत मी बरेच सिनेमे पुन्हा पाहिले. या वेळी फक्त त्या मुलींकडे बघत.

सगळ्यात जुना साचा बाधेचा. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मधली रेगन बारा वर्षांची आहे. पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा फक्त भीती लक्षात राहिली होती. आता दिसलं, की सिनेमाचा केवढा तरी भाग दवाखान्यात जातो. मेंदूच्या तपासण्या होतात, मानसोपचारतज्ज्ञ येतात आणि शेवटी डॉक्टर मंडळीच पाद्र्याचं नाव सुचवतात. औषधाने काही होत नाही हे प्रेक्षकाच्या मनावर नीट ठसवून झाल्यावरच पाद्री आत येतो. रामगोपाल वर्मांच्या 'फूंक'मध्ये (२००८) तर मुलगी अजून लहान आहे, पण वाट तीच. बाप देव न मानणारा, मुलीचा आजार कुणाला उमगत नाही, शेवटी मांत्रिक लागतो. अलीकडचा 'शैतान' (२०२४) आणि तो ज्याच्यावरून काढला तो गुजराती 'वश' (२०२३), दोन्हींत जानकी बोडीवालाने जीव ओतलाय, 'वश'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण त्या भूमिकेत तिच्या वाट्याला काय येतं? परक्या माणसाच्या हुकमावर हसायचं, नाचायचं, घरच्यांच्या अंगावर जायचं. आपण घाबरतो ते तिच्या शरीराला. आत अडकलेल्या तिला काय होत असेल, यासाठी सिनेमाकडे वेळच नाही.

दुसरा साचा कंगव्याने बरं होण्याचा. 'द ब्रेकफास्ट क्लब' (१९८५) मधली अ‍ॅलिसन कुणाशी बोलत नाही, चोरते, खोटं बोलते, केसांतला कोंडा चित्रावर झटकून त्याचा बर्फ करते. घरी काय त्रास आहे असं विचारल्यावर सांगते, की आईवडील तिच्याकडे बघतच नाहीत. किती खरं वाक्य! मग दुसरी मुलगी तिचे केस मागे घेते, तोंड रंगवते, मुलगा वळून बघतो आणि अ‍ॅलिसन बरी होते. आईवडिलांचं काय झालं? ते राहूनच गेलं.

आपल्याकडचा 'गुड्डी' (१९७१) मला फार आवडतो, म्हणूनच तो जास्त टोचला. शाळकरी मुलगी धर्मेंद्रमध्ये गुंतलीय, तिला त्यातून बाहेर काढायला घरातले प्राध्यापक मानसशास्त्राचा आधार घेतात, खुद्द धर्मेंद्र मदत करतो. सगळे प्रेमळ आहेत. कुणी तिला वेडी म्हणत नाही. पण तिचं मन ताळ्यावर आणायचा बेत मोठी माणसं तिला न सांगता करतात, आणि ती बरी झाली हे आपल्याला कळतं कशावरून, तर ती लग्नाला तयार होते यावरून. "लग्न लावून द्या, सगळं सुरळीत होईल" हे वाक्य आपण सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या बाबतीत ऐकलंय.

आणि या सगळ्यात मला सापडलेली एक समान गोष्ट म्हणजे मुलगी नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. अगदी आपले उत्तम मराठी सिनेमे घ्या. 'शाळा'तली शिरोडकर मुकुंदाला दिसते तेवढीच आपल्याला दिसते. 'फँड्री'तली शालू तर जवळजवळ बोलतच नाही. त्या गोष्टी त्या मुलांच्याच आहेत, तक्रार त्या सिनेमांबद्दल नाही. पण नववीतल्या शिरोडकरच्या घरी, तिच्या खोलीत, तिच्या डोक्यात काय चाललं असेल याचा सिनेमा कुणी का नाही काढला?

तुम्हाला काय आठवतं? साचा मोडणारा एखादा सिनेमा माहीत असेल तर तोही सांगा.

---

गोरखचिंच

जुईलीताई, मुलीला आणि तुम्हाला मनापासून शुभेच्छा. सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

---

आडवाट

फार प्रामाणिक लिहिलंयस. तरी एका मुद्द्यावर वाद घालतो, कारण विषय महत्त्वाचा वाटतो.

कॅमेऱ्याला मनाच्या आत जाता येत नाही. कादंबरीत लेखक 'तिला वाटलं' असं लिहून मोकळा होतो. सिनेमात जे वाटतं ते काहीतरी करून दिसावं लागतं. फुटलेला आरसा, पाऊस, मोकळे केस हे सगळं त्या गरजेतून आलंय. पहिल्यांदा कुणी केलं तेव्हा ती कल्पकता होती, शंभराव्यांदा केलं तेव्हा तो साचा झाला.

शिवाय भयपटांना एका झटक्यात बाजूला काढू नकोस. 'कॅरी' (१९७६) बघ. सुरुवातीलाच शाळेच्या न्हाणीघरात तिला पहिल्यांदा पाळी येते. आईने कधी काही सांगितलेलं नाही, तिला वाटतं आपण मरतोय, आणि वर्गातल्या मुली हसत तिच्यावर पॅड फेकतात. मुख्याध्यापक तिची समजूत काढायला बसतात आणि तिचं नावच चुकीचं घेतात, एकदा नाही, परत परत. वयात येणाऱ्या मुलीचा एकटेपणा यापेक्षा थेट कुणी दाखवलाय? शेवटी ती सगळं जाळून टाकते हे खरं. पण तोपर्यंत आपण तिच्या बाजूने असतो. माझ्या ओळखीतल्या दोन बायकांनी मला सांगितलंय, की त्या वयात हा एकच सिनेमा त्यांना आपला वाटला होता.

'द व्हर्जिन सुइसाइड्स' (१९९९) चंही तेच. पाच बहिणींची गोष्ट गल्लीतली मुलं मोठी झाल्यावर सांगतात, आणि त्यांना त्या मुली शेवटपर्यंत कळत नाहीत. हे न कळणं हाच त्या सिनेमाचा विषय आहे. तेरा वर्षांची सेसिलिया डॉक्टरला म्हणते, की तुम्ही कधी तेरा वर्षांची मुलगी नव्हतात. त्या एका वाक्यात तुझा धागा आला.

---

जुईली

आडवाट, 'कॅरी'बद्दल मान्य. मी तो यादीतून मुद्दामच गाळला होता, कारण नक्की काय वाटतं ते ठरत नव्हतं. तू म्हणतोस ते पटलं. पण तिचं दुःख बघायला आपण तयार होतो ते तिच्या हातात आग आहे म्हणून. आग नसलेल्या कॅरीचा सिनेमा चालला असता का?

---

शमी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, रोजच्या ओपीडीत बऱ्याच मुली येतात. कुणा एकीबद्दल लिहीत नाही, जे वारंवार दिसतं ते सांगते.

या वयातलं नैराश्य पहिल्यांदा 'उदास' म्हणून येतच नाही. पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर, छातीत धडधड, शाळा नको, आणि सगळ्यात जास्त म्हणजे चिडचिड. निदानाच्या निकषांतही मुलांसाठी आणि किशोरांसाठी उदासीच्या जागी चिडचिडेपणा धरायची मुभा आहे, ती याचसाठी. आईवडील सांगतात, "डॉक्टर, ही उद्धट झालीय." मी विचारते, मैत्रिणींकडे जायची थांबली का? चित्र काढायची ते सोडलं का? रात्री दिवा कधी बंद होतो? मग हळूहळू कळतं. जुईली, तुझ्या मुलीच्या डॉक्टरांनी झोपेचं विचारलं ते फार बरं केलं. आणि तुला दिसलं नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. आपल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलामुलींना काही ना काही मानसिक विकार आढळला होता. पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार जण झाले. त्यातल्या कितीजणी आरसे फोडत असतील? वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्यातलं नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखं असतं, त्यानंतर मुलींमध्ये ते दुपटीच्या आसपास जातं. त्यामागे संप्रेरकं आहेत, तसंच मुलगी वयात आल्यावर तिच्यावर जी बंधनं आणि ज्या नजरा येतात त्याही आहेत.

सिनेमाबद्दल मला सर्वांत जास्त राग शॉकच्या दृश्याचा येतो. हातपाय बांधलेली मुलगी, तोंडात बोळा, शुद्धीवर असताना विजेचा झटका. भूल न देता शॉक देणं आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंद केलंय. अठरा वर्षांखालच्यांना तर पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय तो देताच येत नाही. पण मी एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला साधी गोळी लिहून दिली तरी तिची आजी घाबरून विचारते, "शॉक तर नाही ना देणार?" आजीने ते पाहिलंय कुठे?

आणि एक शब्द. 'हिस्टेरिया' हा ग्रीकमधल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला. बाईचं मन बिघडतं ते गर्भाशयामुळे, ही समजूत त्या नावातच आहे. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेने १९८० साली ते निदान काढून टाकलं. पटकथांमध्ये ते अजून जिवंत आहे. मुलगा ओरडला तर 'राग आलाय', मुलगी ओरडली तर 'झटका आलाय'.

---

वाचनवेडा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझं वय ७१, त्यामुळे माझं म्हणणं जुनं वाटेल, तरी प्रांजळपणे मांडतो.

आमच्या घरात सहा बहिणी होत्या. त्या वयात त्या रडायच्या, रुसायच्या, जेवण टाकायच्या. आई कामाला लावायची, चार दिवसांनी सगळं मावळायचं. आता प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव मिळतंय याची मला भीती वाटते. मुलीच्या मनाला उद्या कुणी सहज 'नैराश्य' म्हटलं तर ते लेबल तिच्या स्थळाच्या वेळी, नोकरीच्या वेळी आड येणार नाही का? सिनेमावाल्यांनी अशा विषयाला हातच लावू नये असं मला वाटतं. वाईट दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं.

---

शमी

काका, तुमची काळजी खोटी नाही. रुसणं आणि आजार यांत फरक आहेच, आणि तो करणं हेच आमचं काम. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, आणि झोप, भूक, अभ्यास, मैत्री यांतलं काहीतरी मोडतंय, असं दिसलं तर बघायचं. चार दिवसांत मावळलं तर आनंदच.

फक्त तुमच्या सहा बहिणींपैकी एखादीचं मावळलं नसेल आणि ती नुसती बोलायची थांबली असेल, असंही असू शकतं ना? तुम्हीच आठवून बघा. मी आग्रह करत नाही.

---

गोरखचिंच

वेळ मिळाला, लिहितो. मी मराठवाड्यात माध्यमिक शाळेवर शिक्षक आहे. आमच्याकडे 'नैराश्य' हा शब्द वर्तमानपत्रात असतो, घरात नसतो. घरात 'बाहेरचं' असतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी पडायला लागली. दातखीळ बसायची, हातपाय ताठ व्हायचे. पहिल्या आठवड्यात एकदा, मग रोज. घरच्यांनी अंगारा लावला, उतारा टाकला, मग एका भगताकडे नेलं. त्याने मिरचीची धुरी दिली आणि केस धरून मारलं. शाळेत परत आली तेव्हा गालावर वळ होते. वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसेनात. एक मुलगी मला म्हणाली, "सर, ती रात्री छतावर चालते." मी विचारलं, कुणी पाहिलं? तर म्हणाली, "पिच्चरमधी असतंय की तसं."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. त्या मुलीच्या आजाराचं चित्र वर्गाकडे आधीपासून तयार होतं.

शाळेतल्या एका मॅडमनी तिला जवळ घेऊन चार-पाच दिवस नुसतं बसवलं, काही विचारलं नाही. मग समजलं, की परीक्षा झाल्यावर तिचं लग्न ठरलं होतं. वय चौदा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून जिल्ह्याला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी फिटचा आजार नाही हे तपासून सांगितलं, आईवडिलांना बसवून समजावलं. लग्न थांबलं. पडणं थांबायला चारेक महिने लागले. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा गावात सांगितलं. निम्म्या लोकांनी ते ऐकलं नव्हतं.

वाचनवेडा काका, तुम्ही म्हणता सिनेमाने हात लावू नये. आमच्या गावात सिनेमाने हात लावून झालाय. आता चांगला लावायची गरज आहे. प्रार्थनेत पडणाऱ्या मुलीची गोष्ट, जिच्यात शेवटी देव नाही, मांत्रिक नाही, एक बाई तिच्याशेजारी गप्प बसते. असा सिनेमा मराठीत आला तर मी स्वतः गावोगाव दाखवीन.

---

निळाई

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहितेय. वय १९. दहावी-बारावीच्या दरम्यान मला पॅनिक अ‍ॅटॅक यायचे.

जुईलीकाकू, तुम्ही आईच्या बाजूने लिहिलंय. मुलीच्या बाजूनेही तसंच होतं हे सांगायचंय. मलाही वाटायचं, की माझं खरं नाही. कारण माझं तसं दिसत नव्हतं. सिनेमातल्या मुली दुःखात सुंदर दिसतात. आंघोळ न करता चार दिवस गेले की काय वास येतो, ते कुणी दाखवत नाही. मी अंथरुणात पडून तीच तीच रील बघायचे, खरकटी ताटली पलंगाखाली सरकवायचे. फोनवर मात्र जुन्या सिनेमांतल्या रडणाऱ्या देखण्या मुलींचे तुकडे, खाली उदास गाणं, हजारो लाइक. मला वाटायचं, दुःखी असायचं तर असं असायला हवं, आपण नुसत्या आळशी आहोत. डॉक्टरकडे जायला माझं वर्ष गेलं ते यामुळे.

झायरा वसीमने २०१८ मध्ये सोशल मीडियावर आपल्या नैराश्याबद्दल आणि चिंतेबद्दल लिहिलं होतं. 'दंगल' आणि 'सिक्रेट सुपरस्टार' करून झाले होते, तेव्हा ती अठराचीही नव्हती. तिने लिहिलं होतं, की हे इतकी वर्षं लपवलं ते लाजेमुळे, आणि तू यासाठी फार लहान आहेस, हे दिवस जातील, असं लोक सांगत राहिले म्हणूनही. पडद्यावर ती धीट मुलगी करत होती. मी ती पोस्ट खूप उशिरा वाचली. आईला वाचून दाखवली. आमच्या घरात पहिलं बोलणं त्यावरून झालं, कुठल्याही सिनेमावरून नाही.

चांगलं उदाहरण विचारलंत तर 'इनसाइड आउट २' (२०२४). लोक त्याला लहान मुलांचा सिनेमा म्हणतात. तेरा वर्षांची रायली हॉकीच्या सामन्यात पेनल्टी बॉक्समध्ये बसलेली असते आणि तिला अ‍ॅटॅक येतो. किंकाळी नाही, काही फोडत नाही. श्वास पुरत नाही, छातीवर हात, आजूबाजूला खेळ चालूच. मग ती बसल्या जागी हाताखालचं लाकूड चाचपते आणि हळूहळू परत येते. मला समुपदेशक ताईंनी हेच शिकवलं होतं, हाताला काय लागतंय ते बघ. थिएटरमध्ये मी आईचा हात धरला आणि म्हटलं, "हे. असं होतं."

---

जुईली

निळाई, तुझा प्रतिसाद मी लेकीला वाचायला दिला. तिने परत मागून घेतला आणि दुसऱ्यांदा वाचला. लिहिल्याबद्दल खूप खूप आभार, बाळा.

---

दूरदेशी

न्यू जर्सीतून लिहितो, एका चौदा वर्षांच्या मुलीचा बाप आहे. निळाईच्या प्रतिसादाला जोडून 'एट्थ ग्रेड' (२०१८) सुचवतो. त्यातली मुलगी, केयला, तेरा वर्षांची आहे. आत्मविश्वास कसा ठेवावा यावर व्हिडिओ बनवून टाकते, ते कुणीच बघत नाही. वर्गात तिला 'सर्वांत गप्प' असा किताब मिळालाय. एका वाढदिवसाला पोहायच्या तलावावर जायचं असतं, तर ती बाथरूममध्ये कपडे बदलताना धाप लागून उभी राहते. चेहऱ्यावर मुरुमं आहेत, ती लपवलेली नाहीत. मी बाप म्हणून पाहिला आणि जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग बघून उठून पाणी प्यायलो. तो बाप बोलायचा इतका प्रयत्न करतो, आणि ती फोनमधून मान वर करत नाही.

इथे या सिनेमाला 'आर' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतराखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. ज्या वयाच्या मुलीची गोष्ट, तिलाच एकटीला बघता येत नव्हती. शेवटी वितरकांनी ऑगस्ट २०१८ मध्ये एक दिवस प्रत्येक राज्यात वयाची अट न लावता फुकट खेळ ठेवले.

उलट 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही मालिका २०१७ मध्ये घराघरांत पोचली. त्यातल्या मुलीच्या मृत्यूचं तीनेक मिनिटांचं दृश्य नेटफ्लिक्सने २०१९ च्या जुलैमध्ये काढलं. मधली दोन वर्षं ते सगळ्यांना उपलब्ध होतं. माझ्या मुलीच्या शाळेतून तेव्हा पालकांना पत्र आलं होतं.

---

शमी

त्याच २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिनेमा-नाटकवाल्यांसाठी आत्महत्येच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शिका काढली. कृती आणि साधन दाखवू नका, एकाच कारणावर बोट ठेवू नका, मदत मागून सावरलेली माणसं दाखवा, असा तिचा रोख आहे. आपल्याकडच्या लेखक-दिग्दर्शकांनी ती आवर्जून वाचावी. मालिकांमध्ये तर एक चिठ्ठी, एक पंखा आणि पार्श्वसंगीत यापलीकडे काही नसतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी बोलायचं असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६. सरकारी सेवा आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

---

आडवाट

दोन दिवस विचार करत होतो. जुईली, "आग नसलेल्या कॅरीचा सिनेमा चालला असता का" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक गोष्ट मात्र लक्षात आली.

कॅमेऱ्याला आत जाता येत नाही असं मी म्हणालो होतो. मग 'कासव' आठवला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, सुवर्णकमळ मिळालेला. नैराश्याने मोडलेला तरुण आणि त्याला समुद्रकाठच्या घरी आणणारी जानकी. ती त्याला खोदून काही विचारत नाही. जेवायला वाढते, थांबते. कासवांची अंडी उबवायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो सिनेमा त्याला देतो. एकही आरसा फुटत नाही. म्हणजे जमतं. मराठीत जमलंय. तो धीर पडद्यावर एका मुलाला मिळाला. पंधरा वर्षांच्या मुलीला तेवढा वेळ देणारा मराठी सिनेमा मी आठवतोय आणि मला आठवत नाही.

'गर्ल, इंटरप्टेड' (१९९९) काल परत पाहिला. १९६७ सालातली, अठरा वर्षांची सुझाना. तिच्या निदानात मुलांशी संबंध हाही एक मुद्दा धरला जातो, तेव्हा ती विचारते की माझ्या वयाच्या मुलाने किती मुलींशी संबंध ठेवले तर त्याला तुम्ही हे लेबल लावाल? हा प्रश्न सिनेमाचा कणा व्हायला हवा होता. पण लोकांच्या लक्षात राहिली ती अँजेलिना जोलीची बेभान लीसा, ऑस्करही तिलाच. बेभान मुलीकडे डोळे जातात. माझेही गेले होते, वीस वर्षांपूर्वी.

जुईलीच्या यादीत एक भर: शुची तलाटी यांचा 'गर्ल्स विल बी गर्ल्स' (२०२४). डोंगरातली निवासी शाळा, तिथे हेड प्रीफेक्ट, म्हणजे विद्यार्थ्यांची प्रमुख, झालेली पहिली मुलगी मीरा आणि तिची आई. आजाराचं नाव कुठेच नाही. पण पूर्ण सिनेमा मीराच्या नजरेतून आहे. ती मुलाकडे बघते, आईकडे बघते, आरशात स्वतःकडे बघते. आरसा शाबूत राहतो.

---

वाचनवेडा

शमीताई, तुम्ही आठवून बघा म्हणालात. आठवलं. माझी तीन नंबरची बहीण. नववीत शाळा सोडली, कारण विचारलं तर पोट दुखतं म्हणायची. घरच्यांनी सतराव्या वर्षी लग्न केलं. पुढेही ती फार बोलायची नाही. आम्ही तिला घरात 'मुकी' म्हणायचो. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली.

सिनेमाने हात लावू नये हे मी मागे घेतो.

---

गोरखचिंच

काका. _/\_

---

जुईली

वाचनवेडा काका, काय लिहू कळत नाही. तुम्ही हे इथे लिहिलंत, त्याला फार धीर लागतो.

काल रात्री लेकीला विचारलं, तुझ्या त्या पाच महिन्यांचा सिनेमा काढला तर त्यात काय दाखवायचं? मला वाटलं, पोटदुखी म्हणेल, डॉक्टर म्हणेल. ती म्हणाली, "दप्तर." मी म्हटलं, म्हणजे? "रात्री भरलेलं दप्तर उघडायचं, सगळं बाहेर काढायचं, वेळापत्रक बघून परत भरायचं. मग झोपायचं. मग उठून परत उघडायचं. तीन-तीनदा. तू बाहेर टीव्ही बघत असायचीस, तुला चेनचा आवाज यायचा."

यायचा. मला तो आवाज ऐकू यायचा आणि मला वाटायचं, केवढी व्यवस्थित आहे पोरगी.

रविवारी आम्ही दोघी 'एट्थ ग्रेड' बघणार आहोत. बघून झाला की इथे लिहिते. ती म्हणतेय, तीही लिहील.